न बोलावलेले

नेवेनाने विचारलं ते निव्वळ वेळ जावा म्हणून. मासळीबाजारातल्या रांगेत तिच्या पुढच्या बाईने सहा कार्प निवडले होते आणि मासेवाला एकेकाला टाकीतून उचलून डोक्यात लाकडी दांडा घालत होता. उद्या संत निकोलाचा दिवस. शहरातल्या निम्म्या घराण्यांचा तोच कुळाचा संत, म्हणजे निम्म्या घरांत उद्या स्लावा, त्या संताचा घरगुती सण, आणि नाताळाआधीच्या उपासाचे दिवस असल्यामुळे ताटात मासाच हवा. तेव्हा बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. "बरीच मंडळी बोलावलेली दिसतात," नेवेना म्हणाली. बाईने वळून पाहिलं. तिचा मास्क हनुवटीखाली ओढलेला होता. "मी कशाला कुणाला बोलावते? स्लावेला बोलावतं का कुणी?" मासेवाल्याने दांडा खाली ठेवला. "कुठून आलात हो ताई, स्वीडनहून? लग्न आहे का आमंत्रणं धाडायला? एकदा आलेला माणूस दर वर्षी येतो. आपण दार उघडं ठेवायचं, बास." "गेल्या साली चाळीसेक जण येऊन गेले," बाई म्हणाली, "एकालाही बोलावलं नव्हतं. आमच्यात कधी बोलावतच नाहीत." रांगेतले दोघंतिघं हसले, नेवेनाही हसली. आणि हसता हसताच, अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं तिला झालं.

हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? ती याच शहरात जन्मली, दुनाव नदीच्या काठावर वाढली, चाळीस वर्षं दर डिसेंबरात तिच्या बापाच्या घरी स्लावा होत आली. बाप गाव्रिलो दारात उभा राहून येईल त्याला "बरं झालं आलात" म्हणायचा, जसा काही प्रत्येक जण अचानकच आला आहे. इतकं ठाऊक होतं की त्याचा विचार करावा असं कधी वाटलंच नाही. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नोव्हेंबरात तिने आणि साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या तिच्या संस्थेतल्या पोरींनी शहरातल्या हजारो घरी फोन लावले होते, माणसं एकमेकांना किती भेटतात हे कळावं म्हणून. कारण नवा ताप कुठून कुठे जाईल हे संगणकाला सांगायचं तर आधी माणसं कुठून कुठे जातात हे सांगावं लागतं. प्रश्न तिने स्वतः लिहिला होता. गेल्या आठवड्यात तुम्ही घरी किती जणांना बोलावलंत? ऐन स्लावांचे दिवस, एका संतामागून दुसरा संत, आणि घरोघरून उत्तर आलं होतं, कुणालाच नाही. लोक शहाणे झाले, असं तिला वाटलं होतं. तिला बरंही वाटलं होतं. लोक खोटं बोलले नव्हते. कुणी कुणाला बोलावलंच नव्हतं.

"ताई, तुमचा कोणता?" मासेवाल्याने विचारलं. तिने बोट दाखवलं, कोणत्या माशाकडे ते तिला कळलं नाही. आईसाठी घ्यायचा होता. आईने सांगितलं होतं, मोठा आण, बटाट्यावर भाजायचा आहे. पिशवी हातात घेऊन ती बसथांब्यावर आली, पण आईकडे जाणारी बस तिने सोडली आणि संस्थेकडे जाणारी पकडली. कोशावा वारा सुटला होता, खिडक्या बंद होत्या, काचांवर माणसांच्या श्वासांचं पाणी जमलं होतं. पलीकडच्या बाकावर दोन म्हातारे स्लावांचे बेत करत होते. "आधी मिलोराडकडे, मग खाली डॉक्टरकडे, मग पुलापलीकडे व्याह्यांकडे." "व्याह्यांकडे शेवटी जाऊ या, त्यांच्याकडची राकिया प्यायला बरी असते." नेवेना त्यांच्याकडे पाहत राहिली. ही तिने रोज पडद्यावर पाहिलेली गोष्ट होती. एक ठिपका एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तिथून तिसऱ्या. फक्त तिच्या पडद्यावर संत निकोलाच्या दिवशी हे दोन्ही ठिपके आपापल्या घरी बसून होते. मासा पुरता मेला नसावा, पिशवी तिच्या पोटरीला मधूनच धक्का देत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, आजोबा, जाऊ नका. पण बसमध्ये असं कोण ओरडतं, आणि ओरडणाऱ्याचं ऐकतं कोण.

संस्थेत कुणी नव्हतं. उद्याची तयारी म्हणून सगळे लवकर गेले होते. तिने कोटही न काढता संगणक चालू केला. हे शहर तिने दोन वर्षं खपून आत उभं केलं होतं: गल्ल्या, शाळा, कारखाने, बस, आणि माणशी एक ठिपका. ठिपक्यांना नावं नसतात, वय असतं, घर असतं. करडा म्हणजे धडधाकट, पिवळा म्हणजे लागण, लाल म्हणजे इस्पितळ. काळा म्हणजे काळा. या शहरात ताप सोडायचा आणि दिवस पुढे ढकलायचे; पुन्हा पुन्हा ढकलायचे, कारण एकदा जे होतं ते दर वेळी होईलच असं नाही. त्यातून एक वक्र रेषा निघायची. तिची रेषा म्हणजे हलकीशी टेकडी होती. तीच टेकडी घेऊन संस्थेचे प्रोफेसर तिहोमीर साथीसाठी नेमलेल्या समितीसमोर गेले होते आणि समितीने ठरवलं होतं की शाळा, दुकानं यांना नियम हवेत, घरगुती समारंभांना हात लावायची गरज नाही. गेल्या पंधरवड्यात प्रत्यक्षातले आकडे टेकडीच्या वर जाऊ लागले तेव्हा नेवेनानेच सांगितलं होतं, तपासण्या वाढल्यात, म्हणून असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आडात तिने शून्य टाकलं होतं.

शून्य काढून तिने तिथे स्लावा घातली. निम्म्या घरांची दारं एका दिवसापुरती उघडली, उरलेल्या निम्म्यांना पायी हिंडायला सोडलं. पंखा घरघरू लागला. तिला एकदम आठवलं की प्रश्न बरोबर लागतो का हे पाहायला तिने पहिल्यांदा तो तिहोमीरांनाच विचारला होता. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी संत दिमित्रीची स्लावा झाली होती. ती स्वतः गेली होती, त्यांच्या बायकोच्या हातची सारमा तिने दोनदा वाढून घेतली होती, खोलीत इतकी माणसं होती की कोट पलंगावर रचून ठेवले होते. आणि दोन दिवसांनी तिने वही पुढे ओढून विचारलं, प्रोफेसर, गेल्या आठवड्यात घरी किती जणांना बोलावलंत? ते चष्मा पुसत म्हणाले, कुणालाच नाही. तिने लिहून घेतलं, शून्य. तिच्या जिभेवर त्या सारमेची चव अजून असेल आणि तिने शून्य लिहिलं. दोघंही मोठे शिकलेले. तिला हसू यायला हवं होतं, पण तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर पहिले काही दिवस नेहमीसारखेच गेले. मग संत निकोलाचा दिवस आला आणि शहर पिवळं पडत गेलं, आधी जिने, मग गल्ल्या, मग पुलापलीकडचा भाग. टेकडी कुठे गेली ते कळलं नाही. भिंत उभी राहिली. इस्पितळातल्या खाटांची रेघ त्या भिंतीच्या पायथ्याशी कुठेतरी राहून गेली. तिने पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा भिंत. आता उठायला हवं होतं, पण तिची एक वाईट खोड होती, ती कुणालाच माहीत नव्हती. आईच्या गल्लीत, आईच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या साठीपुढच्या बाईचा एक ठिपका होता. ठिपक्याला नाव नाही, तो कुणीही असू शकतो, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची. आणि दर वेळी सिम्युलेशन संपलं की सगळे गेल्यावर त्या ठिपक्यावर जाऊन तो करडा आहे ना, पाहून घ्यायची. एखादीने झोपताना दाराची कडी पाहावी तसं. आजवर तो बहुतेक वेळा करडा राहिला होता. आज पाहू नये असं तिने ठरवलं आणि पाहिलं. तो करडा नव्हता. पुन्हा चालवून पुन्हा पाहिलं. आईच्या डाव्या फुप्फुसाचा तुकडा चार वर्षांपूर्वी कापून काढला होता. जिना चढून आली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि कुणी पाहिलं तर किल्ली शोधत असल्याचं दाखवायची. नेवेनाने पडदा बंद केला. अंधारलेल्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, तो तिला ओळखीचा वाटला नाही.

तिहोमीरांनी फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचे आवाज येत होते. तिने सगळं सांगितलं. "म्हणजे मीही शून्य म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू माझ्या शेजारी बसून जेवली होतीस."

"हो, प्रोफेसर."

"गाढव आहोत आपण दोघं. सांगू कुणाला हे आता? समितीच्या सचिवाला मघाशीच दुसऱ्या कामासाठी फोन लावला होता, तो उचलत नाही. त्याच्याही घरी उद्या स्लावा आहे. आणि समजा उचलला. काय सांगेल तो लोकांना? पाहुण्यांना येऊ नका म्हणा? कुठल्या पाहुण्यांना? बोलावलेलं असतं तर रद्द तरी करता आलं असतं." त्यांचा आवाज चिरका झाला होता. ते घाबरलेत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिची उरलीसुरली हिंमत गेली. लहानपणापासून हा माणूस बापासोबत बुद्धिबळ खेळताना तिने पाहिला होता. तो घाबरू शकतो असं तिला कधी वाटलं नव्हतं. "मी प्रयत्न करतो," ते म्हणाले. "रेडिओवर कुणी ओळखीचं आहे का बघतो. तू एक कर, आईकडे जा आणि ल्युबिंकाचं दार लाव. तेवढं तुझ्या हातात आहे. कुणालाही उघडू नकोस, कळलं? कुणालाही."

आई गहू वाटत होती. उकडून कपड्यावर सुकवलेले गहू, अक्रोड, साखर. उद्या दारात आलेला प्रत्येक जण आधी त्यातला चमचाभर खाणार आणि मगच कोट काढणार. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं. नेवेना दाराशीच थांबली, मास्क तिने काढला नाही. "मासा आणलास का?" आईने न वळता विचारलं. मासा संस्थेतच टेबलाखाली राहिला होता. नेवेनाने ते सांगितलं नाही, तिने बाकीचं सांगितलं. भराभर, तोडून तोडून, पिवळं आणि लाल आणि भिंत असं काहीबाही. आई ऐकत होती आणि वाटत होती.

"त्र्याण्णव साली," आई म्हणाली, "पगार सकाळी मिळायचा आणि संध्याकाळी त्याचा पाव येत नव्हता. बस बंद. मी उसळ केली नुसती, आणि एक मासा. लोक बर्फातून चालत आले. तुझ्या बापाने दार लावलं का?"

"तेव्हा उपाशी होतो, आई. उपासमार लागत नाही एकाची दुसऱ्याला."

"शहाणी आहेस. आणि दारात येऊन उभा राहिला माणूस तर काय सांगू, जा म्हणून? मी बोलावलं नाही त्याला. ज्याला बोलावलं नाही त्याला येऊ नकोस कसं म्हणायचं, सांग बघू. फोन करू म्हणतेस, कुणाला करू? मलाच ठाऊक नाही कोण येणार ते."

आपण रडतोय हे नेवेनाला मास्क ओला झाल्यावर समजलं. ती रडणारी मुलगी नव्हती. बापाच्या मयतीलाही ती हिशेब केल्यासारखी कोरडी उभी होती आणि नातेवाइकांनी त्यावर बोलून घेतलं होतं. "मी तुला पाहिलं, आई," ती म्हणाली. "तिथे. तुझ्या घरात. मी रोज पाहते." यापुढे तिला बोलता येईना. आई जवळ यायला निघाली तशी ती मागे सरली, आणि ते मागे सरणं पाहून आईचा चेहरा बदलला. तिने हात पुसले, खुर्चीवर बसली, बाही वर करून दंडावरचा जुना व्रण अंगठ्याने चोळला. "बहात्तर साली देवी आल्या होत्या ना," ती म्हणाली, "वीस वर्षांची होते मी. कुणी वाद घातला नाही. रांगेत उभे राहिलो आणि टोचून घेतलं. तेव्हाही अशीच भीती वाटली होती. पाण्याला, दाराच्या मुठीला, सगळ्याला." बाही खाली ओढून ती म्हणाली, "बरं बाळा. लावू या दार. गाव्रिलोला मी सांगेन काय ते, वर गेल्यावर." आणि मग लगेच, "इतक्यात नाही जायचं मला," असं पुटपुटली.

सकाळी आईने संताच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, पावावर वाइन शिंपडली, स्वतःच स्वतःला गव्हाचा चमचा दिला. टेबलावर पांढरी चादर घातली होती, कुणी बसणार नव्हतं तरी. नेवेनाने दाराला आतून दोन्ही कड्या घातल्या. मग दोघी बसून राहिल्या, आई स्वयंपाकघरात, ती बाहेरच्या खोलीत, मधलं दार उघडं आणि खिडक्याही उघड्या. थंडीने बोटं बधिर झाली होती. पहिली घंटा वाजली तेव्हा आईने सवयीने उठून पदर सारखा करावा तसा एप्रन सारखा केला आणि पुन्हा खाली बसली. बाहेर कुणीतरी खाकरलं. "ल्युबिंकाबाई!" वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दारा नावाच्या आजीचा आवाज होता. "अहो, झोपलात की काय? घरात कुणी नाही का?" पुन्हा घंटा. मग जिन्यात बोलणं, कुणीतरी म्हणालं, "बरं नसेल बाईंना," कुणीतरी म्हणालं, "मग तर दार उघडायला हवं." नेवेना श्वास रोखून होती, जणू श्वासाचा आवाज दारापलीकडे जाईल. चोर आपण आहोत असं तिला वाटत होतं, आपल्याच घरात शिरलेले. पावलं गेली. मग दुसरी आली, मुलांचीही होती, बाटल्या किणकिणल्या, थांबली, वरच्या मजल्याकडे गेली. इथून परतवलेला माणूस घरी जात नाही, दुसऱ्या दारी जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण वरच्या दाराचं ओझं तिच्या छातीला आता पेलत नव्हतं. तिला एकच ठिपका करडा ठेवायचा होता. दर घंटेला आई थोडी लहान होत गेली. भीती लेकीची होती, आता ती आईच्या अंगात पुरती उतरली होती. तिने डोक्यावरची ओढणी नाकातोंडावरून घट्ट धरली होती आणि ती दाराकडे अशी पाहत होती की दारापलीकडे माणूस नसून काहीतरी दुसरंच उभं आहे.

दुपार कलताना घंटा एकदाच वाजली, हलकी. मग काहीच नाही. हाक नाही, खाकरणं नाही, परतणारी पावलंही नाहीत. नेवेना उठून दाराशी गेली आणि तिने दारातल्या भिंगातून पाहिलं. तिहोमीर होते. चांगला कोट, गळ्यात टाय, मास्क नीट नाकावर, हातात बाटली. गाव्रिलो गेल्यापासून ते दर वर्षी याच वेळी येत आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसत. काल कुणालाही उघडू नकोस म्हणालेले तेच तिहोमीर. ते दाराकडे पाहत नव्हते, जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते. खांदे पडले होते, आणि एका दिवसात माणूस इतका म्हातारा होतो हे तिला भयंकर वाटलं. "कोण आहे?" आईने कुजबुजत विचारलं. नेवेनाने सांगितलं. आईने मान जोराने हलवली. "नको, नेवेना. त्यालाही नको. तूच म्हणालीस ना."

तिला सगळं ठाऊक होतं. हा माणूस कालपासून कुणाकुणाला भेटला असेल, रेडिओवाल्यांना, समितीतल्यांना. हवा या घरातून त्या घरात कशी जाते. आईचं डावं फुप्फुस. भिंतीसारखी ती रेषा डोळे मिटले तरी दिसत होती. आणि तरी कुणीतरी आपल्या बापाच्या दारात उभं आहे आणि दार बंद आहे, ही गोष्ट तिच्या हातांना सहन होईना. शरमेने तिचे कान तापले. हात तिला न विचारता वर गेले. एक कडी निघाली. "बाळा, नको ना," आई म्हणाली, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला; आई उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीला लागून उभी राहिली होती. दुसरी कडी निघाली.

दार उघडताच तिहोमीर दचकले. बाटली उंबऱ्यापाशी ठेवायला ते अर्धे वाकले होते. ते तिच्याकडे पाहत राहिले, मास्कवरचे त्यांचे डोळे गोंधळलेले होते, जवळजवळ रागावलेले.

"बरं झालं आलात," नेवेना म्हणाली. आवाज तिचा नव्हता, बापाचा होता.

वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं, "अगं, उघडलं बघ, आहेत घरात!" आणि जिन्यात पावलांची एकच गडबड झाली, सगळी खाली येणारी.

"मला वाटलं होतं," तिहोमीर हळूच म्हणाले, "की तू उघडणार नाहीस." आणि मागून माणसं येत होती म्हणून, त्यांना वाट करून देण्यासाठी, ते आत आले.